सर्पदंशावरील आपत्कालीन उपचार

सर्पदंशावरील आपत्कालीन उपचार म्हणजे विषारी साप चावलेल्या रुग्णाचा जीव वाचवण्यासाठी रुग्णालयाच्या आपत्कालीन (अपघात) विभागात केले जाणारे तातडीचे वैद्यकीय उपचार होत. श्वसन व रक्ताभिसरण सावरणे, विषबाधेची लक्षणे ओळखणे, प्रतिविष देणे, प्रतिविषाची प्रतिक्रिया आटोक्यात ठेवणे आणि श्वसनाचे स्नायू किंवा मूत्रपिंडे निकामी झाल्यास त्यांचे काम यंत्राच्या साहाय्याने चालू ठेवणे, हे या उपचारांचे मुख्य भाग आहेत. सर्पदंशाने होणारा मृत्यू बहुतांशी टाळता येण्याजोगा असतो. मात्र उपचार वेळेवर सुरू व्हावे लागतात. भारतात सर्पदंश हा प्रामुख्याने शेतकरी, शेतमजूर व आदिवासी यांच्यावर येणारा प्रसंग आहे. प्रस्तुत लेखात उपचारांची सर्वसाधारण पद्धत आणि महाराष्ट्रातील, विशेषतः अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील परिस्थिती यांची माहिती दिली आहे.

व्याप्ती

भारतातील सर्पदंशाच्या मृत्यूंचा देशव्यापी पाहणीवर आधारलेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार २००५ या एका वर्षात देशात सुमारे ४५,९०० माणसे सर्पदंशाने दगावली. त्यांपैकी ९७ टक्के मृत्यू ग्रामीण भागात झाले आणि केवळ २३ टक्के मृत्यू आरोग्य संस्थेत झाले. याचा अर्थ असा, की चारपैकी सुमारे तीन माणसे रुग्णालयाबाहेर, म्हणजे घरी, वाटेत किंवा मांत्रिकाच्या दारी मरण पावली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या पुढील अभ्यासात २००० ते २०१९ या काळातील मृत्यूंची संख्या सुमारे १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० असल्याचा अंदाज मांडण्यात आला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाच्या विषबाधेचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत केला. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणणे हे त्याचे उद्दिष्ट आहे.

प्रमुख विषारी साप

महाराष्ट्रातील बहुतेक गंभीर विषबाधा चार सापांमुळे होतात.

नाग: याचे विष मुख्यतः मज्जासंस्थेवर परिणाम करते. दंशाच्या जागी वेदना व सूज येते आणि तेथील मांस सडूही शकते.

मण्यार: हा निशाचर साप आहे. याचेही विष मज्जासंस्थेवर परिणाम करते; परंतु दंशाच्या जागी वेदना किंवा सूज जवळजवळ नसते. त्यामुळे झोपेत झालेला दंश रुग्णाच्या लक्षातही येत नाही.

घोणस: याच्या विषामुळे रक्ताची गोठण्याची शक्ती नष्ट होते, तीव्र सूज येते आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

फुरसे: आकाराने लहान असलेल्या या सापाच्या विषामुळेही रक्त गोठेनासे होऊन रक्तस्राव होतो.

धामण, दिवड, कवड्या, तस्कर इत्यादी साप बिनविषारी आहेत. कवड्या व मण्यार यांच्या ओळखीत गल्लत होण्याचा संभव असतो. विषारी सापाच्या प्रत्येक दंशात शरीरात विष जातेच असेही नाही. म्हणून उपचारांचा निर्णय सापाच्या वर्णनापेक्षा रुग्णाच्या लक्षणांवर अधिक अवलंबून असतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील परिस्थिती

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. त्याचे क्षेत्रफळ १७,०४८ चौरस किलोमीटर असून त्यात १४ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ४५,४३,१५९ होती. जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत येतो. मात्र अकोले तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या माथ्यावरील अतिपावसाचा प्रदेश आहे. प्रवरा, मुळा व गोदावरी यांच्या पाण्यावरील उसाचे मळे, दक्षिणेकडील कोरडी माळराने आणि पश्चिमेकडील डोंगराळ जंगल अशी या जिल्ह्याची तीन रूपे आहेत. सर्पदंशाचे प्रसंगही त्यानुसार बदलतात.

उसाच्या पट्ट्यात दाट पीक, पाचट आणि उंदीर यांमुळे सापांना आसरा व अन्न दोन्ही मिळते. शेतीपंपांना वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत मिळत असल्याने शेतकऱ्याला अंधारात अनवाणी पायांनी दारे धरावी लागतात. गळिताच्या हंगामात ऊसतोड कामगारांची कुटुंबे फडाजवळ पाचटाच्या कोप्यांमध्ये राहतात व जमिनीवरच झोपतात. मण्यारीचा दंश जमिनीवर झोपणाऱ्यांनाच अधिक होतो. कोरड्या, खडकाळ माळरानांवर फुरसे आढळते. सह्याद्रीच्या जंगलात चापडा हा हिरवा साप आढळतो. त्याच्या विषावर भारतात उपलब्ध असलेल्या प्रतिविषाचा उपयोग होत नाही, म्हणून त्यावर लक्षणांनुसार उपचार करतात.

जिल्ह्याच्या विस्तारामुळे अंतर हाच एक धोका ठरतो. घाटघर, रतनवाडी यांसारख्या गावांपासून जिल्ह्याचे ठिकाण शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. त्यामुळे रुग्णाला थेट मोठ्या रुग्णालयात नेण्याऐवजी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात प्रतिविष सुरू करणे आणि नंतर गरजेनुसार पुढे पाठवणे अधिक सुरक्षित असते. अहिल्यानगर शहरातील जिल्हा रुग्णालय, विळद घाट येथील डॉ. विठ्ठलराव विखे पाटील वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, लोणी येथील प्रवरा ग्रामीण रुग्णालय आणि शिर्डी येथील साईबाबा संस्थानची रुग्णालये ही जिल्ह्यातील मोठी रुग्णालये आहेत.

विषबाधेने मृत्यू कसा ओढवतो

नाग व मण्यार यांच्या विषामुळे मज्जातंतूंकडून स्नायूंकडे जाणारा संदेश खंडित होतो. प्रथम पापण्या जड होऊन खाली येतात, एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात, बोलणे व गिळणे अवघड होते आणि मान सावरत नाही. शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात. या अवस्थेत हृदय चालू असते आणि रुग्ण अनेकदा शुद्धीवरही असतो; त्याला ऐकू येते, पण डोळे उघडता येत नाहीत व बोटही हलवता येत नाही. पाहणाऱ्यास तो मृत वाटतो. त्याला वेळीच कृत्रिम श्वास मिळाला तर असा रुग्ण पूर्णपणे बरा होऊ शकतो. म्हणून हालचाल नाही एवढ्यावरून सर्पदंशाच्या रुग्णास मृत समजणे ही अत्यंत घातक चूक ठरते.

घोणस व फुरसे यांच्या विषामुळे रक्त गोठवणारे घटक वापरले जाऊन संपतात. मग हिरड्या, लघवी, जुन्या जखमा किंवा सुई टोचलेली जागा यांतून रक्त वाहू लागते. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. घोणशीच्या विषबाधेत रक्तदाब उतरतो, लघवीचे प्रमाण घटते आणि काही दिवसांत मूत्रपिंडे काम करेनाशी होऊ शकतात. लहान मुलाच्या शरीरात तेवढेच विष तुलनेने अधिक तीव्र ठरते.

रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी

प्रथमोपचाराचा उद्देश मर्यादित असतो: वेळ न दवडता आणि नवी इजा न करता रुग्णाला रुग्णालयात पोहोचवणे.

१. रुग्णाला धीर द्यावा. त्याला चालवू किंवा पळवू नये.
२. अंगठी, बांगड्या, जोडवी, घड्याळ, पैंजण सूज येण्यापूर्वी काढावेत.
३. दंश झालेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडाला फळी बांधतात तसा, सैलसर बांधून स्थिर ठेवावा.
४. उलटी होत असल्यास किंवा गुंगी येत असल्यास रुग्णाला कुशीवर झोपवावे.
५. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. जवळ वाहन असेल तर रुग्णवाहिकेची वाट पाहत थांबू नये.
६. दंशाची वेळ व त्यानंतर दिसलेली लक्षणे डॉक्टरांना सांगावीत. सुरक्षित अंतरावरून सापाचे छायाचित्र मिळाले तर ते उपयोगी पडते. साप पकडण्याच्या किंवा मारण्याच्या मागे लागू नये.

दोरी, सुतळी किंवा फडके करकचून आवळणे, ब्लेडने चिरा देणे, तोंडाने विष ओढणे, बर्फ लावणे, पाला चोळणे, तूप अथवा मिरची खाऊ घालणे हे सारे निरुपयोगी किंवा अपायकारक आहे. आवळपट्टीमुळे अवयवाचा रक्तपुरवठा तुटून तो गमावण्याची वेळ येते. फुरसे किंवा घोणस चावली असता दिलेली चीर थांबत नाही. रक्त वाहतच राहते.

आपत्कालीन विभागातील उपचार

पहिली काही मिनिटे

आपत्कालीन विभागात रुग्णांचा क्रम आगमनावरून ठरत नाही. तो धोक्याच्या तीव्रतेवरून ठरतो. सर्पदंशाच्या रुग्णाला म्हणूनच तत्काळ आत घेतले जाते. निदान पूर्ण होण्याची वाट न पाहता श्वासमार्ग, श्वसन व रक्ताभिसरण याच क्रमाने तपासणी आणि उपचार एकाच वेळी सुरू होतात. श्वास अपुरा असल्यास प्राणवायू देतात, गरज पडल्यास श्वासनलिकेत नळी घालतात. रक्तदाब उतरला असल्यास शिरेतून सलाईन देतात. घरून आवळपट्टी बांधून आणली असेल तर ती एकदम सोडत नाहीत. अडवलेले विष अचानक शरीरात पसरू शकते. शिरेचा मार्ग तयार करून, प्रतिविष व श्वासाची साधने हाताशी ठेवून मगच ती काढतात.

विषबाधेचे निदान

पापण्या उघडता येतात का, मान उचलता येते का, गिळता येते का, एका श्वासात किती अंक मोजता येतात, हे पुन्हा पुन्हा तपासतात. अंक मोजण्याची क्षमता घटत जाणे ही श्वास थांबण्याची पूर्वसूचना असते. रात्री जमिनीवर झोपलेला मनुष्य पहाटे पोटदुखी, उलटी आणि जड पापण्या घेऊन आला, तर अंगावर दंशाची खूण नसली तरी मण्यारीच्या दंशाचा विचार करावा लागतो.

रक्तावरील परिणाम ओळखण्यासाठी वीस मिनिटांची रक्त गोठण चाचणी करतात. रुग्णाच्या शिरेतील सुमारे दोन मिलिलिटर ताजे रक्त नव्या, स्वच्छ व कोरड्या काचेच्या नळीत घेऊन ती नळी वीस मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग एकदाच तिरपी करतात. रक्त पातळच राहिले असेल तर ते गोठण्याची शक्ती नष्ट झाली आहे असे समजतात. प्लॅस्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी वापरल्यास निष्कर्ष चुकतो. ही चाचणी सुरुवातीचे तीन तास दर अर्ध्या तासाने पुन्हा करतात. तिला वीज, यंत्र किंवा प्रयोगशाळा लागत नाही. त्यामुळे लहानात लहान आरोग्य केंद्रातही ती करता येते.

लक्षणे नसलेल्या रुग्णासही किमान २४ तास देखरेखीखाली ठेवतात, कारण विषाचा परिणाम काही तासांनीही प्रकट होऊ शकतो.

प्रतिविष

प्रतिविष हे सर्पविषावरील एकमेव नेमके औषध आहे. घोड्यांना सर्पविषाची अल्प मात्रा वाढत्या प्रमाणात टोचून त्यांच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांपासून ते बनवतात. भारतात मिळणारे प्रतिविष बहुगुणी, म्हणजे उपरोक्त चारही सापांच्या विषांवर चालणारे असते. त्यामुळे साप ओळखता आला नाही तरी उपचार अडत नाहीत. भुकटीच्या रूपातील प्रतिविष शीतकपाटाविना टिकते, ही ग्रामीण भागाच्या दृष्टीने मोठी सोय आहे.

विषबाधेची लक्षणे दिसल्यावरच प्रतिविष देतात. केवळ साप चावला म्हणून देत नाहीत. सुरुवातीची मात्रा साधारणतः १० कुप्यांची असून ती सलाईनमधून सुमारे एका तासात शिरेद्वारे देतात. सापाने सोडलेले विष तेवढेच असल्यामुळे लहान मुलांनाही मोठ्यांइतकीच मात्रा लागते. गर्भवती स्त्रियांनाही प्रतिविष देतात. दंशाच्या जागी ते टोचत नाहीत. रक्त सहा तासांनंतरही गोठत नसल्यास मात्रा पुन्हा देतात.

प्रतिविषाची प्रतिक्रिया

प्रतिविष हे घोड्याच्या रक्तातील प्रथिन असल्यामुळे काही रुग्णांना त्याची तीव्र प्रतिक्रिया येते. अंगावर गांधी उठणे, खाज, थंडी, उलटी, धाप लागणे, रक्तदाब कोसळणे ही तिची लक्षणे होत. पूर्वचाचणी करून ही प्रतिक्रिया आधी ओळखता येत नाही. म्हणून तशी चाचणी आता करत नाहीत. पहिले लक्षण दिसताच प्रतिविष थांबवून मांडीच्या स्नायूत ॲड्रेनॅलिन टोचतात, प्रौढास ०.५ मिलिग्रॅम ही नेहमीची मात्रा आहे. रुग्ण सावरल्यावर प्रतिविष पुन्हा, सावकाश सुरू करतात. प्रतिक्रियेच्या भीतीने प्रतिविष न देताच रुग्णाला पुढे पाठवणे धोक्याचे असते, कारण प्रतिक्रियेवर हाताशी औषध असते. वाया गेलेल्या वेळेवर नसते.

श्वसनाचा आधार

नागदंशात निओस्टिग्मिन हे औषध ॲट्रोपिनच्या जोडीने दिल्यास स्नायूंची शक्ती परतण्यास मदत होते. मण्यारीचे विष मज्जातंतूंच्या टोकांनाच इजा करत असल्याने तेथे हे औषध सहसा उपयोगी पडत नाही आणि झालेली इजा प्रतिविषानेही भरून येत नाही. ती टोके पुन्हा तयार होईपर्यंत, प्रसंगी कित्येक दिवस, रुग्णाला कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवावे लागते. यंत्र नसल्यास हाताने दाबायच्या श्वासपिशवीने श्वास देत राहून रुग्णाला यंत्र असलेल्या रुग्णालयापर्यंत नेता येते.

मूत्रपिंड व इतर उपचार

घोणशीच्या दंशात लघवीच्या प्रमाणाची तासागणिक नोंद ठेवतात. मूत्रपिंडे निकामी झाल्यास काही काळ डायलिसिस करावे लागते. रक्त गोठत नसेपर्यंत स्नायूतील इतर इंजेक्शने टाळतात. धनुर्वाताची लसही त्यानंतरच देतात. वेदनेसाठी ॲस्पिरिन देत नाहीत, कारण त्याने रक्तस्राव वाढतो.

पुढे पाठवणे

श्वसनयंत्र, डायलिसिस किंवा शस्त्रक्रियेची गरज असल्यास रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवतात. तत्पूर्वी प्रतिविषाची पहिली मात्रा सुरू करणे, श्वासमार्ग सुरक्षित करणे, सोबत श्वासपिशवी वापरता येणारी व्यक्ती देणे आणि चिठ्ठीवर दंशाची वेळ, चाचणीचे निष्कर्ष व दिलेल्या कुप्यांची संख्या लिहिणे आवश्यक असते. राज्यात १०८ क्रमांकाची आपत्कालीन वैद्यकीय सेवा २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. त्यांपैकी काही प्रगत जीवरक्षक साधनांनी युक्त आहेत.

महाराष्ट्रातील कार्य

मुंबईतील परळ येथे १८९९ साली प्लेग संशोधनासाठी स्थापन झालेल्या प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिन संस्था हे नाव मिळाले. सर्पविष व प्रतिविष यांवरील कामासाठी ती ओळखली जाते. प्रतिविषासाठी लागणारे विष मुख्यतः तामिळनाडूतील इरुळा समाजाच्या, १९७८ साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलत असल्याचे संशोधनातून दिसले असून प्रादेशिक विषांवर आधारित प्रतिविषाची आवश्यकता मांडली जाते.

ग्रामीण रुग्णालयातून झालेल्या संशोधनाचे ठळक उदाहरण म्हणजे महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे कार्य. लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर होणारा परिणाम त्यांनी रुग्णांच्या खाटेशी बसून अभ्यासला आणि प्रॅझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला. सर्पदंशावरही त्यांनी लेखन केले आहे. २०२२ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. अहिल्यानगर जिल्ह्याच्या सीमेलगत, पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाचे उपचार व प्रबोधन यांचे काम केले आहे.

गावपातळीवरील आरोग्यकार्याची परंपराही जिल्ह्यात आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेड येथे सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाने अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले. १९७९ साली या दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रुग्णाचा पहिला तास गावातच जात असल्याने अशा प्रशिक्षित व्यक्तींचे महत्त्व सर्पदंशाच्या बाबतीत विशेष आहे.

कायदा व शासकीय साहाय्य

महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या व्यक्तीस वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे यांसारखे उपाय करण्याचा समावेश आहे. या गुन्ह्यासाठी सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंडाची तरतूद आहे. मांत्रिकाकडे नेलेले अनेक रुग्ण बरे झालेले दिसतात, याचे कारण त्यांना बिनविषारी साप चावलेला असतो किंवा दंशात विष गेलेले नसते.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने चालणाऱ्या राज्याच्या शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशाचा समावेश असून मृत्यू झाल्यास वारसांना दोन लाख रुपयांचे साहाय्य मिळते.

प्रतिबंध

रात्री शेतात जाताना विजेरी, काठी व गुडघ्यापर्यंतचे बूट वापरणे, खाटेवर व मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपणे, घराभोवती सरपण, वैरण, विटा यांचे ढीग न ठेवणे, धान्य झाकून उंदीर कमी करणे आणि पाचट किंवा गवत हाताने उचलण्यापूर्वी काठीने हलवणे, हे उपाय परिणामकारक आहेत. यांपैकी मच्छरदाणी हा मण्यारीच्या दंशापासून रक्षण करणारा सर्वांत स्वस्त उपाय होय. जवळच्या कोणत्या आरोग्य केंद्रात प्रतिविष मिळते, ही माहिती पावसाळ्यापूर्वीच प्रत्येक कुटुंबाला असणे इष्ट असते.

हे सुद्धा पहा

सर्पदंश
प्रतिविष
नाग
मण्यार
घोणस
फुरसे
विंचूदंश
हाफकिन संस्था
अहिल्यानगर जिल्हा